तेरा मिलिमीटर

पडद्यावर सगळं हिरवं होतं.
नोड एकशे चाळीस, फ्लँज, एल्बो, शेपटीचा पाइप,
ताण मर्यादेच्या साठ टक्क्यांत.
दापोलीच्या एस.टी.त मांडीवर लॅपटॉप उघडून
मी तेच हिरवं पुन्हा पुन्हा पाहत आले.

हर्णै बंदरामागच्या टेकाडावर
मासळीच्या कुटीचा कारखाना. वास
फाटकाच्या आधी भेटतो.
वाफेच्या हेडरवर सेफ्टी व्हॉल्व्ह,
साडेदहा किलोला उडायला बसवलेला,
आणि नऊलाच फुसफुसतो,
झोपेत दात खाणाऱ्या पोरासारखा.
तीनदा उतरवला. तीनदा पुण्याला जाऊन
सीट घासून, शिक्का मारून आला.
बेंचवर शहाणा. इथे चढवला की तेच.

मॅनेजर शिरधनकर म्हणाले, स्प्रिंग बदलू.
मी म्हणाले, गणित बरोबर आहे.

फिटर इस्माईल परकार काहीच म्हणाले नाहीत.
खिशातून खडू काढला, शिडी लावली.
हेडरच्या बुटावर एक रेघ.
शेपटीच्या पाइपाला खांबाचा आधार आहे तिथे दुसरी.
मग बॉयलर पेटला, आणि दोन तास
आम्ही कोरा चहा पीत बसलो,
बर्फाच्या गाड्या मोजत.

पहिली रेघ तेरा मिलिमीटर सरकली, पूर्वेकडे.
माझ्या आकड्याशी केसाचा फरक नाही.
आनंद झाला. तो टिकला
दुसऱ्या रेघेशी पोचेपर्यंत.
ती होती तिथेच होती.

म्हणजे हेडर निघालाय पूर्वेला, डोक्यावर व्हॉल्व्ह घेऊन,
आणि व्हॉल्व्हची शेपटी खांबाला जखडलेली.
मान पिरगळलेली. सीट तिरकी.
गळणारच.

ड्रॉइंगमध्ये तिथे गाइड आहे, सरकू देणारा.
परकारांनी वायर ब्रश मारला:
खाऱ्या हवेचा गंज, गंजाखाली पिवळा रंग,
रंगाखाली वेल्डिंग, एकावर एक नीट बसलेली,
सुरमईच्या खवल्यांइतकी बारीक.
सुबक आहे, मी म्हणाले.
माझीच, ते म्हणाले.

पाच वर्षांमागे, नारळी पुनवेच्या आदल्या रात्री
व्हॉल्व्ह उडाला. खांबाला नुसता यू-बोल्ट, तोही कुजलेला.
पाइपाने पत्रा फाडला,
हेल्पर अशपाकच्या कानाजवळून गेला.
त्याचं लग्न ठरलं होतं तेव्हा, परकार म्हणाले,
जणू हे मला गणितात धरायचं होतं.
पाइप हलला, म्हणून धरून ठेवला.
सकाळी सातला. कुणाला न विचारता.

माझ्या फाइलीत धक्क्याचं बळ दुपटीने धरलंय,
कोष्टकात, एका रकान्यात.
अशपाकचा कान त्यात कुठेच नाही.

होडी धक्क्याला बांधतात ना मॅडम,
तर दोर आखडून बांधत नाहीत.
ओहोटीला होडी खाली जाते,
ताणलेला दोर कडी उपटतो.
मला माहीत होतं हो हे.
पण रात्रच तशी होती.

ग्राइंडर लागला, ठिणग्या, मग एक बारीक 'टक्'
आणि पाइप आपणहून सरकला,
अंगठ्याच्या नखाएवढा.
वर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं;
वाफ असेल.
नवा आधार आम्ही सिमेंटच्या पोत्यावर काढला:
उत्तर-दक्षिण, जिकडे दणका येतो, तिकडे घट्ट अडण.
पूर्व-पश्चिम मोकळं, वीस मिलिमीटर.
शिरधनकर म्हणाले, वीस कशाला, पंधरा पुरे.
परकार म्हणाले, गंज पण जागा मागतो.
हे कुठल्या कोडात नाही. मी वीस लिहिले.

चाचणीला मुद्दाम उडवला.
सगळ्यांनी कान झाकले, परकार सोडून.
पाइप थरथरला, अडणीला टेकला, परतला.
मग नऊ किलोला तासभर
पंख्यांचा आवाज, बंदरावरचा लिलाव,
आणखी काही नाही.

अहवालात कारणाचा रकाना होता.
आधार अडकलेला, एवढंच लिहिलं.
कुणी अडकवला, त्याला रकाना नव्हता
आणि मी पाडला नाही.
खडू परकारांनी खांबाच्या खाचेत ठेवला,
पुढच्या माणसासाठी असेल,
किंवा विसरले.